दिवाळीत नको, पण होई आनला जा

ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. लेक सहा वर्षांची, धाकटा अडीच. येत्या दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं घाटतंय. ह्यांना इतिहासाचं वेड. ‘तिथलं जुनं बंदर होई आन बघायचंच’ हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं पालुपद. टूरवाल्याने सहा रात्रींचा कार्यक्रम दिलाय : दोन रात्री हनोई, एक ‘हा लाँग’ उपसागरात बोटीवर, तीन दा नांगला. त्यातल्या एका दिवशी दुपारी तीन ते रात्री आठ होई आन. सासूबाई (वय ६८, शुद्ध शाकाहारी, गुडघे कुरकुरतात) बरोबर असतील. नणंद म्हणते, ‘एवढ्याशा पोरांना जुनी घरं काय दाखवायची? धाकट्याला तर काही आठवणारसुद्धा नाही. त्यापेक्षा एखाद्या रिसॉर्टवर जाऊन पडा.’ रविवारपर्यंत आगाऊ पैसे भरायचेत. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. जावं का?
– कात्रीत सापडलेली आई

जा. फक्त रविवारी पैसे भरू नका.

आधी तारखेचं बोलू. आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस सरलेला, आकाश धुतलेलं, पहाटे अंगावर शिरशिरी. होई आनला तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. चेन्नईला भिजवणारे जे ईशान्येचे वारे, तसेच तिथेही समुद्रावरून बाष्प ओढून आणतात, किनाऱ्यामागच्या त्रुओंग सॉन डोंगररांगेला अडतात आणि सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत कोसळत राहतात. त्यातले ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट, आणि चक्रीवादळंही त्याच सुमाराला येतात. डोंगर ते समुद्र अंतर थोडं, नद्या आखूड आणि उताराच्या. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. थू बोन नदी समुद्राला मिळते ती होई आनच्या अंगणातूनच. २०२५च्या ऑक्टोबरच्या शेवटी या जुन्या गावात रस्त्यारस्त्यांतून होड्या फिरत होत्या आणि पाहुण्यांना हॉटेलांतून होडीत बसवून बाहेर काढत होते. गावाला याची सवय आहे. अडीच वर्षांच्या मुलाचे कपडे वाळवायला जागा शोधणाऱ्या आईला ती नसते.

दरवर्षी दिवाळीत पूर येतोच असं नाही. पण चार दिवस खोलीत बसून खिडकीवरचे ओघळ मोजायला एवढा खर्च करायचा का, हे टूरवाल्याला विचारा. त्याने हे आपणहून सांगायला हवं होतं.

मग कधी? फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी, ऊन सोसवेल असं. त्यांचं नवं वर्ष, ‘तेत’, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. ते आठ-दहा दिवस टाळा. गर्दी दुप्पट आणि निम्मी दुकानं बंद. शाळा बुडेल म्हणाल, तर धाकट्याचा प्रश्नच नाही, आणि लेकीने पहिलीचे सहा दिवस बुडवले तर ते एका रविवारी भरून निघतील. हे मी एका निवृत्त शिक्षिकेच्या अधिकाराने सांगते आहे. सुट्टीतच जाणं भाग असेल तर मे महिना चालेल. समुद्र शांत असतो, पण पारा पस्तिशीपुढे जातो आणि दमटपणा मुंबईला लाजवेल असा. तेव्हा दुपारी अकरा ते चार कुणीही बाहेर पडायचं नाही, हा नियम आधीच ठरवून जा.

आता त्या कार्यक्रमाकडे. दुपारी तीन ते रात्री आठ! आमच्या पहिल्या फेरीत आम्हालाही असंच एका दुपारचं होई आन मिळालं होतं. मुलगा तीन वर्षांचा होता. बसमधून उतरताना जो झोपला तो रात्री परत बसमध्ये बसताना उठला. त्या गावात त्याने पाहिली ती माझी ओढणी, आणि मी पाहिलं ते ‘आता तू घे’ म्हणताना दिसलेलं नवऱ्याचं तोंड. तेरा किलोचं मूल खांद्यावर असताना युनेस्कोचा वारसा दिसत नाही. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, टूर न घेता, आणि पाच रात्री एकाच ठिकाणी राहिलो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची उसाचा रस काढणारी बाई त्याला हाक मारायला लागली.

तेव्हा हनोई आणि हा लाँग खोडून टाका. मुलं बारा-चौदाची झाली की तो प्रवास वेगळा करा, तेव्हा त्याची मजाही वेगळी. सहापैकी पाच रात्री होई आन आणि परतीच्या विमानाच्या सोयीने एक रात्र दा नांग, एवढं पुरे. होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. दा नांगला उतरायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर मोटारीने. मुंबईहून हो चि मिन्ह शहर किंवा हनोईला विमान घेऊन पुढे दा नांगला जाता येतं. ई-व्हिसा प्रत्येकाचा वेगळा लागतो, अडीच वर्षांच्या महाशयांचासुद्धा. अर्जातलं नाव पासपोर्टाबरहुकूम, अक्षर न् अक्षर तपासून भरा.

एक गंमत तुमच्या बाजूची आहे. व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. म्हणजे पुण्यात नऊला झोपणारी मुलं तिथे साडेदहापर्यंत टक्क जागी असतात. होई आनची खरी वेळ संध्याकाळची, कंदील लागल्यानंतरची, त्यामुळे हा जागेपणा पथ्यावर पडतो. मुलांना तिथल्या घड्याळावर आणायची घाई करू नका. सकाळी साडेसातला उठली तर उठू देत.

राहण्याची जागा जुन्या गावाच्या अगदी आत घेऊ नका. गाव आणि आन बांगचा समुद्रकिनारा यांच्यात चार-पाच किलोमीटर आहेत, आणि मधल्या भातशेतांच्या कडेने घरगुती हॉटेलं आहेत. तिथे अंगण मिळतं, बहुतेक ठिकाणी छोटा पोहण्याचा तलावही. तळमजल्याची खोली मागा. सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याची जिन्याची हौस, दोन्ही सांभाळलं जातं. दुपार त्या तलावात जाऊ द्या. पाचपैकी पाच दुपारी लेकीने तिथेच काढल्या तरी ‘एवढे पैसे भरून आलोय’ हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. विशेषतः ह्यांनी.

बाबागाडी न्या की नको? आतल्या गल्ल्या सपाट आहेत, आणि सकाळी काही तास व दुपारी तीनच्या सुमारापासून रात्रीपर्यंत तिथे मोटारसायकलींना बंदी असते, फक्त पायी आणि सायकली. तेवढ्यापुरती गाडी चालते. बाहेरच्या रस्त्यांवर पदपथ म्हणजे स्कूटरी लावायची जागा, तिथे पोटाशी बांधायची झोळीच कामाची. आणि एक गोष्ट फार जपायची : नदीकाठाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. संध्याकाळच्या गर्दीत धाकट्याचा हात कुणाच्या हातात आहे हे मोठ्याने बोलून ठरवा. ‘मला वाटलं तुझ्याजवळ आहे’ हे वाक्य नदीकाठी परवडत नाही.

आता नणंदबाईंचा मुद्दा. लहान पोरांना जुनी घरं काय दाखवायची? बरोबर आहे, घरं दाखवूच नका. गोष्ट सांगा.

होई आनला परदेशी व्यापारी फायफो म्हणत. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. चिनी, जपानी, पुढे युरोपीय जहाजं इथे लागत. मग बंदराचं महत्त्व दा नांगकडे गेलं, व्यापार आटला, आणि म्हणूनच जुनं गाव पाडून नवं बांधायची कुणाला गरज पडली नाही. १९९९ साली ते जागतिक वारसा ठरलं. हे सगळं ह्यांच्यासाठी. लेकीसाठी एवढंच : जपानी पुलाखाली एक राक्षस आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीला इथल्या जपानी व्यापाऱ्यांनी छप्पर असलेला तो छोटा लाकडी पूल बांधायला घेतला. त्याची दंतकथा अशी की जमिनीखाली एक प्रचंड प्राणी पसरलाय. त्याचं डोकं भारतात, शेपटी जपानात आणि पाठ नेमकी होई आनला. तो वळवळला की जपानात भूकंप होतो, म्हणून त्याच्या पाठीत तलवार खुपसावी तसा हा पूल रोवला. आपल्या आजीने शेषाने फणा हलवल्याची गोष्ट सांगितलेली असतेच. सासूबाईंना ती पुलावर उभं राहून सांगायला लावा आणि मग लेकीला विचारा, डोकं भारतात आहे म्हणजे आपल्या घराखाली त्याचा कुठला भाग असेल? आमच्या मुलाचं उत्तर ‘नाक’ होतं, आणि नंतर कितीतरी दिवस स्वयंपाकघरात भांडं पडलं की ‘शिंकला’ म्हणायचा.

पुलाच्या एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्याला कुत्र्यांच्या. तिकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात; एका प्राण्याच्या वर्षी काम सुरू झालं आणि दुसऱ्याच्या वर्षी संपलं, असं सांगतात. १७१९ साली तिथल्या न्युएन घराण्यातल्या राज्यकर्त्याने पुलाला नाव दिलं, त्याचा अर्थ ‘दुरून आलेल्यांचा पूल’. दुरुस्तीनंतर २०२४च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा उघडला, तेव्हा ‘फारच नवा दिसतो’ म्हणून बरीच ओरड झाली. मला तो बरा वाटतो. चारशे वर्षांचं लाकूड दुरुस्त करायचं तर थोडं नवं दिसणारच. निघण्याआधी लेकीच्या हातात वीस हजार डोंगची नोट ठेवा, तिच्यावर हाच पूल आहे. नोट आणि पूल ताडून बघण्यात दहा मिनिटं सहज जातात. (वीस हजार ऐकून दचकू नका. एका रुपयाला जवळपास तीनशे डोंग येतात.)

दुसरी जागा फुक किएन सभागृह. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी उभारलेलं हे मंदिरच. मुख्य देवी थिएन हाउ, दर्यावर्दींची रक्षणकर्ती. आपल्या कोळीवाड्यातल्या आयांना ती चटकन कळेल. तिच्याजवळ दोघे सेवक उभे आहेत, एकाला हजार मैलांवरचं दिसतं आणि दुसऱ्याला हजार मैलांवरचं ऐकू येतं. मुलांना हे दोघे भलतेच आवडतात. पण तुम्ही मागच्या देव्हाऱ्यापर्यंत जा. तिथे बारा सुइणींच्या मूर्ती आहेत. बाळाला पहिल्या वर्षात जे जे यायला हवं ते त्या शिकवतात अशी समजूत; कुणी हसायला, कुणी दूध ओढायला, कुणी पालथं पडायला. आपली सटवाई बिचारी एकटीच पाटी-लेखणी घेऊन येते, इथे बारा जणी वाटून काम करतात. मूल व्हावं म्हणून जोडपी तिथे नवस बोलायला येतात. छताला टांगलेल्या उदबत्त्यांच्या मोठमोठ्या गुंडाळ्यांचा धूर डोळ्यांत जातो, तेव्हा धाकट्याला फार वेळ आत ठेवू नका.

तिसरी जागा एक जुनं घर, एकच. पुलाजवळच्या ‘फुंग हुंग’ नावाच्या घरात वरच्या मजल्याच्या जमिनीला झडप आहे. पुराचं पाणी शिरलं की तिच्यातून माल वर ओढून घ्यायचा. ‘तान की’ नावाच्या घरात भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. लेकीला तिथे उभं करा, तिची उंची आणि पाण्याची उंची तीच ताडून बघेल. दोन्हीपैकी जे जमेल ते. चौथी वास्तू बघायची असेल तर ह्यांनी एकट्याने जावं, परत येताना सगळ्यांसाठी उसाचा रस आणावा.

कंदिलांचं वेगळं सांगते. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात शुद्ध चतुर्दशी पाहिली की ती रात्र सापडेल, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. आणि सापडली की त्या रात्री जुन्या गावात जाऊ नका. इतकी गर्दी होते की अडीच वर्षांच्या उंचीवरून नुसते गुडघे दिसतात. कंदील रोजच लागतात. मधल्या वारी, सहाच्या आत, होडीत बसा. भाव आधी ठरवा आणि मुलांच्या मापाची तरंगजाकिटं अंगात घातल्याशिवाय होडी हलू देऊ नका. त्यापेक्षाही बरं म्हणजे कंदील करायला शिकवतात तिथे तास-दीड तास बसणं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा तयार मिळतो, त्यावर रेशमी कापड ताणून डकवायचं. आकाशकंदील करणाऱ्या घरातल्या मुलीला हात बसायला वेळ लागत नाही. तो सांगाडा मिटतो, सामानात चपटा मावतो, आणि पुढच्या दिवाळीत तुमच्या गॅलरीत लागतो.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी वाटते तेवढी नाही, पण शब्द पाठ हवेत. शाकाहारी म्हणजे ‘आन चाय’. (पहिल्यांदा मी ते म्हटलं तेव्हा सासऱ्यांना वाटलं मी चहा मागवला.) ‘चाय’ लिहिलेल्या पाट्यांची खानावळ ही बौद्ध शाकाहारी खानावळ, तिथे बिनधास्त जेवा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहारच घेतात, आपल्या चतुर्थी-एकादशीसारखं, त्यामुळे त्या दिवशी निवड जास्त. इतर ठिकाणी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण माशांचा रस, ‘नुओक माम’, भाजीतही पडतो. तो नको असं वेगळं सांगा. तिखट नको हे ‘खोंग काय’. साधा भात, परतलेला टोफू, चिकट भात, केळी, आंबे, ड्रॅगनफळ कुठेही मिळतं. तरी डब्यातून मेतकूट न्याच. गरम भात आणि मेतकूट या जोडीने आमचे पाचपैकी तीन रात्रींचे रडके प्रसंग मिटवले. तुम्ही स्वतः मात्र ‘काओ लाउ’ या तिथल्या जाड शेवयांची शाकाहारी थाळी एकदा खाऊन बघा.

गावाबाहेर काय करायचं? त्रा क्वे नावाचं पालेभाज्यांचं गाव आहे. वाफे, झाऱ्या, मातीचा वास. लेकीला झारी दिली की झालं. ‘थान्ह हा’ हे कुंभारांचं गाव. चाकावर बसू देतात, हात बरबटू देतात. ‘काम थान्ह’ या गावी नारळासारख्या झावळ्यांच्या पाणवनातून दुरडीसारख्या गोल होड्यांत फिरवतात. काही नावाडी मोठ्याने गाणी लावून होडी गरागरा फिरवतात. जेवणानंतर तर हा प्रयोग नकोच, आणि एरवीही हाताने ‘नको’ची खूण आधीच करा. चाम बेटांवर वेगवान बोटीने जातात. एवढ्या लहान मुलांबरोबर मी गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

राहिलं ‘मी सॉन’ हे ठिकाण. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या खोबणीत चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्याची ही विटांची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकांतली. मुख्य दैवत शिव, भद्रेश्वर या नावाने. शिलालेख संस्कृतात. १९६९मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात बराच भाग गेला. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं तिथे दुरुस्ती करत होती आणि २०२०मध्ये त्यांना एकसंध दगडातलं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. ह्यांना हे चुकवायला लावणं अन्याय होईल. पण सावली कमी, चालणं पुष्कळ. मी दोन गट केले असते : ह्यांनी आणि सासूबाईंनी पहाटे मोटारीने जावं, आत विजेची गाडी मिळते म्हणून गुडघ्यांना थोडा दिलासा, अकरापर्यंत परत. तुम्ही मुलांना घेऊन तलावावर. मुलांसाठी चंपा बघायचीच असेल तर शेवटच्या दिवशी दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात जा. तिथे छप्पर आहे, आणि ‘मी सॉन’हून आणलेला उभा गणपती आहे. लेकीला फक्त एवढं सांगा की इथे कुठेतरी आपला बाप्पा लपलाय, शोध. सगळी दालनं ती स्वतः पालथी घालेल.

धाकट्याला काही आठवणार नाही, हे नणंदबाईंचं खरं आहे. त्याला रिसॉर्टही आठवणार नाही, मग त्या हिशेबाने त्याला घरीच ठेवावं लागेल. लेकीला बरंच आठवेल आणि सासूबाईंना सगळं. त्या शेषाची गोष्ट सांगत पुलावर उभ्या राहतील, तो फोटो मला पाठवा.

डासांचं मलम, ताप मोजायची कांडी, क्षारपाण्याच्या पुड्या आणि मुलांच्या टोप्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. नळाचं पाणी कुणीच प्यायचं नाही. स्कूटर भाड्याने घेऊन चौघांनी बसायचा मोह झाला तर पुणेकर म्हणून मी तो समजू शकते, करू नका. फोनवरून मोटार बोलावता येते, पण लहान मुलांची खुर्ची तिच्यात नसते, तेव्हा धाकट्याला मागच्या सीटवर मध्ये बसवा.

आणि थान्ह हाला मातीच्या प्राण्यांच्या शिट्ट्या मिळतात. दोन घ्या, एकाच प्राण्याच्या, एकाच रंगाच्या. आम्ही एक वाघ आणि एक कोंबडा घेतला होता.